सुट्टीच्या आत

कुवेतमधल्या राई भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सखारामला सगळे 'कॅलेंडर' म्हणायचे, आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमनसुद्धा. कारण हा माणूस कुठलीही गोष्ट नुसती 'उद्या' म्हणून सांगायचा नाही. तुम्ही-आम्ही म्हणू, "सरस संपलाय, उद्या आण." हा म्हणायचा, "उद्या म्हणजे मंगळवारी, चौदा तारखेला, दुपारच्या जेवणाच्या आत आण." आमच्या राहायच्या खोलीत भांडी घासायची पाळी आली की दारावर कागद चिकटवायचा, त्यावर वार, तारीख, वेळ, सगळं. लोक हसायचे. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. मी का हसायचो ते आज सांगून टाकतो. तो आता कुवेत सोडून गेलाय, आणि हे माझ्या पोटात राहत नाही.

सखाराम सुतार आणि मी काशिनाथ, दोघेही राजापूर तालुक्यातले. त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये एक छोटा पऱ्या, म्हणजे ओढा, उडी मारली की पलीकडे. इराकची लढाई संपल्यावर, ब्याण्णव साली, आम्ही एकाच एजंटाच्या मार्फत कुवेतला आलो. तेव्हा इथे अर्ध्या घरांना दारं नव्हती. कोणी जाळली, कोणी चोरली. सुताराला मरायलाही फुरसत नव्हती. तो लाकूडकाम करायचा आणि मी त्यावर पॉलिश मारायचो. म्हणजे मेहनत त्याची आणि चकाकी माझी. गिऱ्हाईक शेवटी चकाकीच बघतं, त्यामुळे शाबासकी बहुतेक वेळा मलाच मिळायची. त्याला त्याचं काही नव्हतं.

सलवा भागात एका म्हाताऱ्या कुवेती बाईच्या घरी त्यानं मोठं दार बसवलं होतं. बाई खूश, फोरमन खूश, गाडी निघाली. हा म्हणाला, थांबा, कुरकुरतंय. कोणालाच ऐकू येत नव्हतं. यानं दार उतरवलं, बिजागरी पुन्हा बसवली, पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा बसवून कान लावला आणि मग म्हणाला, आता चला. बाईनं आम्हाला आत बोलावून चहा पाजला आणि त्याला 'उस्ताद' म्हणाली. तो इतका लाजला की चहा अर्धाच प्याला. असा हा माणूस. बोलणं कमी. स्वतःबद्दल तर नाहीच.

आता माझं ऐका. मी जन्मात कुठली जागा 'बघायला' म्हणून गेलो नव्हतो. गावाहून मुंबईला गेलो ते कामाला, मुंबईहून कुवेतला आलो ते कामाला. कुवेत टॉवर लोक फोटोत बघतात, मी ते बसच्या खिडकीतून बघितले, तेही डुलकी लागली नसेल तर. आमच्यात 'फिरायला गेला' हे दोघांबद्दलच म्हणतात, दावं तोडून गेलेल्या बैलाबद्दल नाहीतर दारुड्याबद्दल. शहाणा माणूस फिरायला जात नाही.

पण अब्बासभायच्या तिकीट ऑफिसात एक पोस्टर होतं. अब्बासभाय रत्नागिरीकडचे, आम्हा कोकणातल्यांची तिकिटं तेच काढायचे. पोस्टर कोलंबोचं. समुद्राला लागून हिरवंगार मैदान आणि आकाशभर पतंग. इथे तीन वर्षं वाळू बघून माझे डोळे सुकले होते. मी दर वेळी त्या पोस्टरसमोर उभा राहायचो. पंच्याण्णव साली पाडव्यानंतर माझी घरी जायची रजा मंजूर झाली, तेव्हा अब्बासभाय हसत म्हणाले, "अरे काशिनाथ, कोलंबोमार्गे तिकीट देतो. मधे चार दिवस उतर, बघून घे एकदाचं. सध्या तिथली लढाईपण थांबलीय. तुझ्या बायकोला कोण सांगतोय?"

मी हो म्हणालो. का म्हणालो ते अजून माझं मलाच कळत नाही. बायको, विजया, गावी दोन पोरं आणि माझे आईबाप सांभाळत होती, डोक्यावरून पाणी आणत होती, आणि मी एकटा समुद्र बघायला जाणार. लाज वाटत होती, पण जायचंही होतं. म्हणून मी दोन थापा मारल्या. घरी कळवलं, बुधवारी येतो. खोलीत सांगितलं, गुरुवारचं विमान, शुक्रवारी मुंबई, शनिवारी घर. चार दिवस कोणाच्या हिशेबातच राहिले नाहीत. मला स्वतःची हुशारी फार आवडली तेव्हा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी खोका बांधत होतो. सखाराम दारात येऊन उभा राहिला. हातात बंद पाकीट.

"हे आईला दे," तो म्हणाला. "सुट्टीच्या आत दे हां."

आता हा 'सुट्टी' शब्द बघा. कुवेतमध्ये आम्ही सुट्टी म्हणतो ती शुक्रवारला, कारण त्या दिवशी काम बंद. गावी सुट्टी म्हणजे रविवार. आणि तिसरी सुट्टी म्हणजे आमची घरी जायची रजा, दोन महिन्यांची, जिची आम्ही दोन-दोन वर्षं वाट बघतो. कोणी घरी निघाला की आम्ही म्हणतो, तो सुट्टीवर चालला. म्हणजे 'सुट्टीच्या आत' याचा अर्थ रविवारच्या आत असाही होतो आणि तुझी रजा संपायच्या आत असाही होतो.

खरं सांगतो, देवाशपथ. माझं तोंड उघडलं होतं विचारायला, कुठली सुट्टी रे? कारण मला अंदाज होता. सगळ्या खोलीला होता. तीन दिवसांपूर्वी त्याला आईचं पत्र आलं होतं आणि तेव्हापासून तो रंधा मारतानाही ते खिशात घेऊन हिंडत होता. स्थळ आलंय एवढं कळलं होतं. आमच्या वाडीत तेव्हा फोन नव्हता. तार करावी तर गावात तार आली की आधी रडारड होते, कोणीतरी गेलं म्हणून, आणि त्याची आई काळजानं कमजोर. मग उरलो मी, शनिवारी घरी पोचणारा. पण मी विचारलं असतं आणि तो 'रविवार' म्हणाला असता, तर मला कोलंबो सोडावं लागलं असतं. म्हणून मी तोंड मिटलं. म्हणालो, "देतो रे, काळजी करू नको."

तो आणखी थोडा वेळ दारात उभा होता. मग म्हणाला, "गाठ घट्ट मार, विमानात खोके फेकतात," आणि गेला.

कोलंबो मला आवडलं. हे सांगायलाही जीभ जड होते, पण आवडलं. विमानातून उतरल्यावर पहिला वास आला तो ओल्या मातीचा आणि नारळाच्या तेलाचा. गाव सोडल्यापासून तो वास नाकात गेला नव्हता. रस्त्यात वाळूच्या पोत्यांआड शिपाई उभे होते, पिशवी उघडून बघायचे, पण हसून बघायचे. किल्ल्याच्या भागात एक घड्याळाचा मनोरा आहे, तोच पूर्वी दीपगृहही होता. मी त्याच्याखाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. पेट्टा म्हणून बाजार आहे, तिथे एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद आहे, भिंत, खांब, मिनार सगळं पट्ट्यापट्ट्यांचं. त्यांचं नवं वर्ष जवळ आलं होतं, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मला कोणी ओळखत नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं, कोणाचं काही देणं-घेणं नव्हतं. मी मोकळे हात हलवत चालत होतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला कळलं, नुसतं चालण्यातही सुख असतं.

शनिवारी त्याच बाजारात डच लोकांचं एक जुनं घर बघितलं. आता तिथे म्युझियम आहे. आत त्यांची कपाटं, पलंग, पेट्या. काही आबनूसाच्या, काही चक्क फणसाच्या लाकडाच्या. तीनशे वर्षांचं पॉलिश, आणि अजून त्यात माझं तोंड दिसत होतं. मी एका कपाटाच्या सांध्यावरून बोट फिरवलं तर बोटाला सांधा लागेना. मनात आलं, सखाराम इथे असता तर दिवसभर हलला नसता. तेवढ्यात पाकीट आठवलं. ते हॉटेलात, बॅगेच्या तळाशी होतं.

रविवारी संध्याकाळी त्या पोस्टरमधल्या मैदानावर गेलो. पतंग होते. पण माणसं इतकी की विचारू नका. बायका, पोरं, म्हाताऱ्या, सगळा गाव उलटलेला. एका गाडीवर डाळीच्या वड्यावर अख्ख्या कोळंब्या बसवून तळत होते. मी विक्रेत्याला मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, एवढी गर्दी कशाची? तो म्हणाला, "संडे, नो? हॉलिडे."

 तीन वर्षं शुक्रवारची सुट्टी घेऊन मी रविवार विसरलो होतो, असं म्हणायला मला बरं वाटलं असतं. पण विसरलो नव्हतो. मी तो शब्द बाजूला ठेवला होता आणि त्या वडेवाल्यानं तो उचलून माझ्या हातात दिला. आज सुट्टी. आणि पाकीट बॅगेत. तेव्हाच उठून विमानतळावर गेलो असतो तरी काही उपयोग नव्हता, हे मी स्वतःला समजावलं. आणि तो वडा खाल्ला. वर दुसराही मागून घेतला. हे कोणाला सांगायचं?

मंगळवारी विमान, मुंबईहून रातराणी एसटी, बुधवारी सकाळी घरी. आंघोळ करून लगेच पऱ्या ओलांडून सखारामच्या घरी गेलो. त्याची आई, द्वारकाकाकी, खळ्यात कोकमं वाळत घालत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आलास रे बाबा? रविवारी त्यांनी सुपारी फोडली."

आमच्याकडे दोन्हीकडची माणसं बसवून सुपारी फोडली की लग्न ठरलं. नंतर देव आला तरी ते मोडत नाही. मुलगी सुचित्रा, खालच्या वाडीची. सखारामनं आधीच्या रजेत त्यांच्या घराची चौकट बदलली होती, त्यामुळे दोघं एकमेकांना ओळखत होती. मुलीच्या बापाला हाच जावई हवा होता. पण मुंबईतलं दुसरं एक स्थळ हात धुऊन मागे लागलं होतं, आणि त्यांची नोकरीवाली माणसं रविवारच्या सुट्टीला येणार होती. बाप म्हणाला होता, तोवर सखारामचं हो आलं तर सुपारी तुमच्या नावाची.

काकी म्हणाली, "शनिवारी मी तुझ्या घरी येऊन गेले. विजयानं सांगितलं, बुधवारी येणार. मग मी मुलीच्या बापाच्या पाया पडले. म्हटलं, तीन दिवस थांबा. ते म्हणाले, पावणे परत कसे पाठवू?" मग तिनं हात पुसला आणि म्हणाली, "काय लिहिलंय ते तरी वाच."

काकीला वाचता येत नव्हतं. मीच पाकीट फोडलं. मीच वाचलं. 'तीर्थरूप आईस सखारामचा शिरसाष्टांग नमस्कार. मला मुलगी पसंत आहे. चौकट बसवताना ती म्हणाली होती, उंबरा उंच ठेवू नका, आजी अडखळते. तेव्हापासून पसंत आहे. तू सुपारी घे. मी मे महिन्यात येतो.' एवढंच होतं. काकीनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला रडू आलं, तर ती माउली मलाच म्हणाली, "तू कशाला रडतोस? तुझा काय दोष?"

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. तिथेच, खळ्यात, तिच्या पाया पडून. नाही सांगितलं.

दोन महिन्यांनी कुवेतला परतलो. सखारामला तोवर आईचं पत्र पोचलं होतं. तो मला काही विचारेना, हे सगळ्यांत वाईट. शेवटी मीच बोललो. म्हणालो, "मुंबईला बहिणीकडे चार दिवस थांबलो रे. तू सुट्टीच्या आत म्हणालास, मला वाटलं, माझ्या सुट्टीत कधीही."

 तो मान हलवून म्हणाला, "माझंच चुकलं. रविवार म्हणायला हवं होतं. लग्नाचं म्हणून लाज वाटली, आणि मी सुट्टी म्हणून मोकळा झालो."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." मी त्याला क्षमा केली, बघा. केवढं माझं मन.

त्या दिवसापासून तो वार आणि तारीख सांगायला लागला. खोलीत हसू झालं, नाव पडलं, आणि मी सगळ्यांबरोबर हसत राहिलो, कारण हसलो नसतो तर कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. नंतर त्याला स्थळं आली नाहीत असं नाही. तो 'बघू' म्हणायचा. दोन वर्षांनी द्वारकाकाकी गेली आणि स्थळं बघणारंच कोणी उरलं नाही. भावाचा संसार त्यानं उभा केला. सुचित्राचं बरं चाललंय म्हणतात, विरारला असते, दोन मुलं आहेत. तिचं काही वाईट झालं नाही एवढंच माझं समाधान, आणि तेही मी चोरून बाळगतो.

असं करत अकरा वर्षं गेली. एक खोली, एक गॅस, समोरासमोर पलंग. मला ताप आला तर हा पेज करून द्यायचा. माझ्या मुलीच्या लग्नाला यानं स्वतःच्या हातानं पलंग बनवला, सुट्टीवर गेला तेव्हा आमच्याच पडवीत बसून, आणि मला पॉलिशला हात लावू दिला नाही. म्हणाला, बाप आहेस, तू पाहुण्यांकडे बघ. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगू. दर वेळी वाटायचं, आता इतकी वर्षं गेली, सांगून काय मिळणार?

दोन हजार सहा साली वर्कशॉपमध्ये मोठी यंत्रं आली आणि हाताच्या कारागिराचं काम उरलं नाही. सखाराम व्हिसा कॅन्सल करून कायमचा निघाला. त्याचं शेवटचं काम एगैला भागातल्या मॉलमध्ये होतं, एका अत्तराच्या दुकानाची फळ्यांची मांडणी. दुपारी जेवण झाल्यावर आम्ही प्लायवूडच्या थप्पीवर बसलो होतो. दोन दिवसांनी तो जाणार होता. आणि मी बोललो. सगळं बोललो. अब्बासभायचं पोस्टर, दोन थापा, मिटलेलं तोंड, रविवार, वडा. दुसरा वडासुद्धा.

तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "विजयावहिनींना माहीत आहे?"

"नाही."

"आणखी कोणाला?"

"कोणाला नाही. तुलाच पहिल्यांदा."

"बरं," तो म्हणाला. "कसं आहे ते शहर?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. पण तो खरंच विचारत होता. म्हणाला, "सांग की. माझ्या लग्नाच्या बदल्यात बघितलंस, मला कळू तरी दे काय होतं."

म्हणून मी सांगितलं. आधी अडखळत, मग नीट. मनोरा, पट्ट्यांची मशीद, पतंग. डच कपाटांबद्दल त्यानं दोन प्रश्न विचारले, सांधा कसला होता, पाय कोरीव होते का. आणि सांगता सांगता, माझी मला शरम वाटते, मी रंगलो. अकरा वर्षं हे कोणाला सांगायला मिळालं नव्हतं. हात हलवून, हसून सांगायला लागलो. त्यानं हात वर केला, तेव्हा थांबलो.

"पुरे," तो म्हणाला. मग बूट घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी मी दारात उभा होतो तो तू विचारशील म्हणून. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मला वाटत आलं, मीच आधी बोलायला हवं होतं. अकरा वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या, काशिनाथ. रोज. त्यातल्या निम्म्या तुला घालता आल्या असत्या. एका खोलीत होतो, भांडलो असतो, महिनाभर बोललो नसतो, आणि मग पुन्हा जेवायला बसलो असतो. तेवढा वेळ होता. आता परवा माझं विमान. आता मी तुझ्याशी कधी भांडू?"

 तो उठला आणि उरलेल्या दोन फळ्या बसवायला गेला.

विमानतळावर येऊ नको म्हणाला, म्हणून गेलो नाही. आता गावी त्याच्या घरी फोन आहे. दर शुक्रवारी मी करतो. त्याची पुतणी स्वरा उचलते, माझा आवाज ओळखते, आणि शिकवल्यासारखं म्हणते, "काका बाहेर गेलेत." तिच्या मागे पडवीत लाकडावर रंधा चाललेला मला ऐकू येतो. मी म्हणतो, बरं बाळा, आले की सांग, काशिनाथचा फोन होता. आणि फोन ठेवतो.